तीन लाख कांद्यांचा श्वास

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातली कांद्याची एक साधी चाळ घेऊ. चाळीस फूट लांब, दोन्ही बाजूंना चार-चार फूट रुंदीचे कप्पे, मधून हवा खेळायला मोकळी वाट, जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला तळ आणि वर पत्रे. कप्प्यांत पाच फुटांपर्यंत कांदा भरला की २५ टन माल मावतो. मध्यम आकाराचे कांदे किलोला साधारण बारा बसतात, म्हणजे या एका चाळीत तीन लाख कांदे आहेत. पीक चांगलं आलं तर हा दोन-अडीच एकरांचा माल. आणि यातला प्रत्येक कांदा जिवंत आहे.

तो श्वास घेतो. साठवलेली साखर थोडी थोडी जाळतो, ऑक्सिजन आत घेतो, कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता बाहेर सोडतो. २० अंश सेल्सियसला एक किलो सुका कांदा तासाला सुमारे ८ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतो. आठ मिलिग्रॅम म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पण त्याला २४ तासांनी गुणलं, मग २५ हजार किलोंनी गुणलं, तर आकडा येतो रोज ४.८ किलो. धडधाकट माणूस दिवसभरात सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासातून सोडतो. तेव्हा तीन लाख कांद्यांची ही चाळ पाच माणसांच्या एका कुटुंबाइतका श्वास घेते.

आता त्याच चाळीत, त्याच तापमानाला, कांद्याऐवजी पांढरं बटण मशरूम भरलंय अशी कल्पना करू. वजन तेच, २५ टन. मशरूमचा आकडा आहे किलोमागे तासाला सुमारे २६४ मिलिग्रॅम. गुणाकार केला की दिवसाला १५८ किलो. म्हणजे ज्या जागेत पाच माणसं राहत होती तिथे आता १५८ माणसं कोंबली आहेत. श्वासाबरोबर उष्णताही येते. एक टन मशरूम २० अंशांना दिवसभरात सुमारे १६ हजार किलोकॅलरी उष्णता टाकतं. ही उष्णता एक टन पाण्याचं तापमान १६ अंशांनी वाढवायला पुरते. मशरूममध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, तेव्हा हवा न खेळणाऱ्या ढिगात ही उष्णता मशरूममध्येच मुरते. तापलेलं मशरूम आणखी जोरात श्वास घेतं, त्यातून आणखी तापतं. बाहेर ठेवलेलं बटण मशरूम एक-दोन दिवसांत काळवंडतं, चिकट होतं, ते या चक्रातून. शून्य ते दोन अंशांत तेच आठवडाभर, फार तर नऊ दिवस टिकतं. कांदा पाच-सहा महिने टिकतो.

इतका फरक का, याचं उत्तर शोधायला दोघांना त्यांच्या आयुष्यात कोणत्या टप्प्यावर तोडलं हे बघावं लागतं. कांद्याचा गड्डा म्हणजे झाडाने प्रतिकूल काळ काढण्यासाठी बांधलेली शिदोरी. पात पडली, मान मऊ झाली की तो झोपायच्या तयारीत असतो आणि आपण त्याला नेमकं तेव्हा उपटतो. मशरूमला मात्र आपण धावता धावता पकडतो. वाढीच्या भरात ते २४ तासांत आकाराने दुप्पट होऊ शकतं. त्याचं जमिनीवरचं सगळं आयुष्य एकाच कामासाठी असतं, छत्री उघडून बीजाणू सोडणं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेजिनाल्ड बुलर या वनस्पतिशास्त्रज्ञाने शेतात उगवणाऱ्या, आठ सेंटिमीटर छत्रीच्या एका मशरूमचा हिशोब मांडला होता. ताशी सुमारे चार कोटी बीजाणू, आणि हे दोन दिवस सतत. एकूण १८० कोटींच्या घरात. एवढं काम ज्याला दोन दिवसांत उरकायचं आहे त्याला तोडून टोपलीत टाकलं तरी ते थांबत नाही. टोपलीतही त्याचा दांडा लांबतो, छत्री उघडते, तपकिरी पडदे दिसायला लागतात. गिऱ्हाईक त्याला शिळं म्हणतं. मशरूमच्या दृष्टीने ते आपलं काम पुरं करत असतं.

नाशिक जिल्ह्याचं नाव निघालं की मशरूम आधी आठवत नाही, कांदा आणि द्राक्ष आठवतात. पण काढणीनंतरच्या दिवसांची जी झुंज मशरूममध्ये दोन दिवसांत दिसते, तीच इथे महिन्यांच्या आणि लाखो टनांच्या मापाने चालते. इथे कांद्याला उकाड्यात झोपवतात, द्राक्षाला गारठ्यात. दोन्ही ठिकाणी शेवटी मोजायचा असतो तो श्वासच.

कांद्याची एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. त्याला झोपवणारी तापमानं दोन आहेत आणि ती एकमेकांपासून लांब आहेत. शून्य ते दोन अंशांत तो झोपतो. २५ ते ३० अंशांतही झोपतो. मधल्या १० ते २० अंशांत त्याला जाग येते आणि कोंब फुटतो. जगातल्या थंड देशांनी पहिला मार्ग धरला, कांदा शीतगृहात ठेवला. नाशिकच्या शेतकऱ्याने दुसरा मार्ग धरला आणि वीज न वापरता, वैशाखाच्या उकाड्यालाच कामाला लावलं. एप्रिल-मेची जी हवा टोमॅटोला आणि पालेभाजीला दोन दिवसांत संपवते, तीच कांद्याला गाढ झोपवते. चाळीला मागास म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं. चाळ हे तापमानाच्या अभ्यासातून आलेलं यंत्र आहे, फक्त त्याला मोटर नाही.

तिची मापंही उगाच ठरलेली नाहीत. कप्पा चार फूट रुंद असतो, कारण मग मधोमध बसलेला कांदाही बाजूच्या हवेपासून दोन फुटांपेक्षा लांब नसतो. ढीग पाच फुटांच्या वर नेला की तळच्या कांद्यावर वजन येतं, तो दबतो आणि सड तिथून सुरू होते. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर बांधावी आणि दुपाखी पूर्व-पश्चिम, असा सल्ला शेतकऱ्यांना दिला जातो, वारा आणि ऊन यांचा मेळ बसावा म्हणून. कांदा आणि लसणाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९४ साली सुरू झालं ते नाशिकलाच. १९९८ मध्ये ते राजगुरुनगरला गेलं. त्याआधी, १९७७ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानाचं कामही नाशिक भागात रुजलं होतं. पिंपळगाव बसवंतच्या केंद्रात निवडीतून तयार झालेला एन-२-४-१ हा उन्हाळ कांदा पाच-सहा महिने टिकणारा म्हणून आजही ओळखला जातो. चाळीच्या मागे एवढी माणसं आणि एवढी वर्षं उभी आहेत.

तरीही चाळ गळते, आणि ती गळती डोळ्यांना दिसत नाही. तीन लाख कांद्यांच्या साली सोलून शेजारी शेजारी पसरल्या, प्रत्येकाचा एकच पापुद्रा धरला, तरी सुमारे २७ गुंठे जागा व्यापतील. एवढ्या पृष्ठभागावरून रात्रंदिवस पाणी उडत असतं. चार महिन्यांत केवळ सुकण्यामुळे १५ टक्के वजन गेलं असं धरू, हा काही वाईट चाळीचा आकडा नव्हे. २५ टनांचे १५ टक्के म्हणजे ३,७५० किलो. रोजचे ३१ लिटर पाणी वाफ होऊन उडून जातं आणि शेतकरी कोरड्या चाळीत उभा असतो. श्वासामुळे जाते ती साखर वेगळी.

मग मृग येतो. पावसाळ्यात नाशिकच्या हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या पुढे जाते आणि कांद्याला हवी असते ६५ ते ७०. सुकणं कमी होतं, पण सड वाढते. सालीखाली काळी भुकटी धरते, तिला काजळी म्हणतात. भाद्रपद-आश्विनात रात्री गार व्हायला लागतात, पारा त्या मधल्या पट्ट्यात उतरतो आणि इतके महिने झोपलेल्या कांद्याला कोंब येतो. तीन वेगळे शत्रू तीन वेगळ्या ऋतूंत येतात. चार ते सहा महिन्यांच्या साठवणुकीत एकूण घट २५ ते ४० टक्के होते असं कांद्यावर काम करणारे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं सांगत आले आहेत.

आता हाच हिशोब देशाच्या मापाने मांडू. २०२३-२४ मध्ये भारतात सुमारे २४२ लाख टन कांदा झाला. त्याआधीच्या वर्षी ३०० लाख टनांच्या वर गेला होता. २४२ लाख टन म्हणजे किलोला बाराच्या हिशोबाने २९ हजार कोटी कांदे. आपल्या १४० कोटी लोकसंख्येत वाटले तर माणशी दोनशेच्या वर. यातला सुमारे ७० टक्के माल रब्बीचा, म्हणजे उन्हाळ कांदा, आणि एप्रिल-मेपासून खरिपाचा लाल कांदा बाजारात येईपर्यंत देश त्याच्यावरच जेवतो. जवळपास १७० लाख टन. महाराष्ट्र यात पहिला, आणि महाराष्ट्रात नाशिक.

सरकार भाव आवरण्यासाठी राखीव साठा करतं. २०२२-२३ मध्ये तो अडीच लाख टन होता. २०२३-२४ मध्ये उद्दिष्ट तीन लाखांवरून पाच आणि पुढे सात लाखांवर गेलं. २०२४ मध्ये ४.७ लाख टन कांदा घेतला गेला. आकडा मोठा वाटतो. १७० लाख टनांशी ताडून पाहिला तर तो तीन टक्क्यांच्याही आत आहे. उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांतला जो काही कांदा पुढच्या महिन्यांसाठी टिकतो, तो शेतकऱ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या चाळीत टिकतो, त्यांच्या जोखमीवर, त्यांच्या कर्जावर. ऑक्टोबर २०२४ मध्ये नाशिकहून १,६०० टन कांदा घेऊन ‘कांदा एक्स्प्रेस’ दिल्लीच्या किशनगंज स्थानकात पोहोचली तेव्हा त्याची मोठी बातमी झाली. त्या गाडीतला सगळा माल आपल्या चाळीच्या मापाने ६४ चाळींचा. ६४ चाळी एकेका मोठ्या गावातही निघतील.

लासलगावात मात्र एक इमारत अशी आहे जिथे हे आकडे एकदम दुसऱ्या टोकाला जातात. भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’, म्हणजे कृषी उत्पादन संरक्षण केंद्र, तिथे २००२ पासून आहे. आत कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूच्या कांड्या आहेत. त्यांच्याभोवतून कांद्याच्या पेट्या फिरवतात. कांद्याचा कोंब रोखण्यासाठी आपल्या नियमांनुसार २० ते २०० ग्रे एवढी मात्रा देता येते. ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक. एक किलो वस्तूत एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की एक ग्रे.

साठ ग्रे धरू. म्हणजे किलोमागे साठ ज्यूल. एवढ्या ऊर्जेने कांद्याचं तापमान अंशाच्या शंभराव्या भागाने, फार तर त्याच्या दीडपटीने वाढेल. कोणत्याही साध्या तापमापकात ते दिसणार नाही. आपल्या चाळीतल्या सगळ्या २५ टनांना ही मात्रा द्यायची तर कांद्यात उतरणारी एकूण ऊर्जा १५ लाख ज्यूल, म्हणजे विजेच्या हिशोबाने अर्ध्या युनिटपेक्षा कमी. तीन लाख कांद्यांचा कोंब कायमचा थांबवायला अर्धं युनिट. हा आकडा मी अनेकदा उलटसुलट तपासला आहे आणि दर वेळी तितकाच थक्क होतो.

हे घडतं कसं? गॅमा किरण कांद्याच्या पेशींत शिरून जनुकांच्या दोऱ्या तोडतात. कांद्याचा बहुतेक भाग म्हणजे साखर आणि पाणी भरलेल्या पापुद्र्यांचा. त्या पेशींना आता विभागायचंच नसतं, त्यांना या तुटण्याने फारसा फरक पडत नाही. विभागायचं असतं फक्त तळाशी मधोमध असलेल्या इवल्याशा गाभ्याला, ज्यातून कोंब निघणार असतो. त्याची पुढे वाढण्याची क्षमता संपते. माणसाच्या शरीरावर एकदम चार-पाच ग्रे पडले आणि उपचार मिळाले नाहीत तर निम्मी माणसं दगावतात. कांदा त्याच्या बारा-पंधरा पट मात्रा घेऊन बाहेर येतो आणि दिसायला, चवीला तसाच राहतो. तो किरणोत्सारी होत नाही. कोबाल्ट-६० च्या किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, कांद्यातल्या अणूंचं केंद्र बदलायला ती पुरत नाही. हे पुनःपुन्हा सांगावं लागतं, कारण ही भीती अजून गेलेली नाही.

पण वेळ गाठावी लागते. काढणीनंतर दोन-तीन आठवड्यांत, कांदा गाढ झोपेत असतानाच मात्रा द्यावी लागते. गाभा हलायला लागल्यावर उपयोग घटतो. इथे पुन्हा मोठे आकडे आडवे येतात. असं केंद्र तासाला दहा टन कांदा हाताळतं आणि हंगामातले साठ दिवस रात्रंदिवस एक मिनिट न थांबता चालतं, असं धरून चालू. तरी होतात १४,४०० टन. केवळ सरकारचा ४.७ लाख टनांचा साठा या मार्गाने न्यायचा तर अशी तेहतीस केंद्रं लागतील. शिवाय कोबाल्ट स्वतःही झिजतो: त्याची ताकद ५.२७ वर्षांत निम्मी होते, म्हणजे महिन्याला सुमारे एक टक्का कमी. ग्राहक व्यवहार विभागाने भाभा केंद्राच्या मदतीने लासलगावला १५० टन कांद्यावर प्रयोग केला. दीडशे टन म्हणजे सहा चाळी. आणि किरण फक्त कोंब थांबवतात. रोजचं ते ३१ लिटर पाणी आणि पावसाळ्यातली सड त्यांना थांबवता येत नाही. त्यासाठी शीतगृह जोडावं लागतं. शीतगृहाची अडचण अशी की तिथून काढलेला साधा कांदा बाहेरच्या उबेत घाम धरतो आणि झटपट कोंबारतो. कोंबाचा भाग किरणांनी आधीच संपवलेला असेल तर ही जोडी उपयोगाची ठरते. खर्च मात्र दोन्हींचा जमेस धरावा लागतो.

‘कृषक’ला खरी ख्याती मिळवून दिली ती मात्र आंब्याने. २००७ च्या एप्रिलमध्ये भारतीय आंबा अमेरिकेला जायला लागला तो लासलगावातून. कीड रोखण्यासाठी किमान ४०० ग्रे मात्रा हवी होती आणि अमेरिकेबाहेर त्यांच्या कृषी खात्याने मान्य केलेलं हे पहिलं केंद्र. कोकणातला हापूस घाट चढून कांद्याच्या गावी यायचा आणि मग समुद्र ओलांडायचा.

द्राक्षाचा हिशोब याच्या उलट. त्याला उकाडा एक तासही चालत नाही. २० अंशांना द्राक्षाचा श्वास किलोमागे तासाला सुमारे २७ मिलिग्रॅम, शून्य अंशाला तो ३ वर येतो. नऊपट फरक. म्हणजे वीस अंशांत काढलेला एक दिवस हा थंडीतल्या नऊ दिवसांइतका महाग. निर्यातीची तोड म्हणूनच पहाटे सुरू होते, मणी गार असताना. घड कॅरेटमधून पॅकहाऊसला येतात, वजन, प्रतवारी, पेटी, आणि काही तासांत प्रीकूलिंगच्या खोलीत. तिथे जोराची थंड हवा पेट्यांतून ओढली जाते आणि सहा-आठ तासांत मणी दोन अंशांच्या आसपास उतरतात. उन्हात उभ्या टेम्पोत सहा तास गेले तर बोटीवरचे दोन-सव्वादोन दिवस तिथेच खर्च झाले, आणि मार्चमधली दुपार वीस अंशांची नसते, पस्तिशीच्या पुढे असते.

आता कंटेनर पाहा. चाळीस फुटी शीत कंटेनरमध्ये सुमारे १३ टन द्राक्षं मावतात. शून्य अंशाला १३ टन द्राक्षं दिवसभरात मिळून ०.९४ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतात. एका माणसाच्या श्वासापेक्षा थोडा कमीच. कोट्यवधी रुपयांच्या या व्यापाराचा पाया तोच आहे. दिंडोरी-निफाडच्या बागांचं वर्षभराचं फळ, सव्वीसशेच्या वर पेट्या, न्हावा-शेवाहून रॉटरडॅमपर्यंत एका माणसाइतका श्वास घेत जातात. श्वासाच्या हिशोबाने पंचवीस दिवसांचा प्रवास द्राक्षाच्या वयात पावणेतीन दिवसांचाच.

२०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालून जायची वेळ आली. दहा-पंधरा दिवस वाढले. प्रवास चाळीस दिवसांवर गेला असं धरलं तरी श्वासाच्या मापाने द्राक्षाचं वय दीड-पावणेदोन दिवसांनीच वाढलं. निर्यातदारांची झोप उडाली ती दुसऱ्या कारणाने, देठाच्या. घडाचा देठ मण्यापेक्षा पंधरापट किंवा जास्त जोराने श्वास घेतो आणि त्याला मण्यासारखी मेणाची साल नसते. वजनातली दोन-तीन टक्के घट झाली की देठ तपकिरी पडतो आणि युरोपातलं गिऱ्हाईक घड उचलून आधी देठ बघतं. दुसरा धोका बोट्रायटिस या बुरशीचा. ती शून्य अंशाच्याही जरा खाली वाढू शकते, तिला थंडीने रोखता येत नाही. म्हणून पेटीत ग्रेप गार्डचा कागद घालतात. त्यातून पहिल्या एक-दोन दिवसांत सल्फर डायऑक्साइड जोरात सुटतो आणि मग कित्येक आठवडे हळूहळू झिरपतो. १९९१ साली द्राक्ष निर्यातीसाठी महाग्रेप्स ही संस्था स्थापन झाली तेव्हापासून नाशिक-सांगलीच्या बागायतदारांनी हे सगळं एकेक करून अंगी बाणवलं. २०२३-२४ मध्ये देशातून ३ लाख ४३ हजार टनांहून अधिक द्राक्षं बाहेर गेली, किंमत सुमारे ३,४६० कोटी रुपये. त्यातला सिंहाचा वाटा नाशिकचा.

इथून मशरूमकडे परत यावंसं वाटतं, कारण द्राक्षाने नाशिकला जी यंत्रणा दिली आहे तीच मशरूमला हवी असते. मशरूम तोडल्यावर दोन-चार तासांत शून्य अंशाजवळ आणलं तर त्याचा श्वास २६४ वरून ३५ च्या आसपास येतो. परदेशी मोठ्या शेतांवर हे निर्वात खोलीत करतात. हवेचा दाब साधारण १,०१३ मिलिबार असतो, तो सहा मिलिबारच्या आसपास आणला की पाणी शून्य अंशाजवळच उकळायला लागतं. मशरूममधलं थोडं पाणी उकळून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. वीस-तीस मिनिटांत काम होतं. सहा अंश उतरायला वजनातला एक टक्का द्यावा लागतो. आपल्याकडे दोनशे ग्रॅमच्या पाकिटाला बारीक छिद्रं पाडतात, कारण बंद पाकिटात त्याचाच श्वास त्याला गुदमरवतो आणि फार उघडं ठेवलं तर ते सुकतं. धिंगरी मशरूम वाळवता येतं, दहा किलोचं एक किलो होतं आणि मग ते महिनोन्‌महिने राहतं. बटणाचं मात्र ताजेपणावरच सगळं.

नाशिकची प्रीकूलिंगची दालनं जानेवारी ते एप्रिल धडाडतात आणि नंतर बरेच महिने त्यांतल्या कितीतरी थंड पडून असतात. पावसाळा आणि हिवाळा हे नेमके मशरूम लावणाऱ्या लहान उत्पादकाचे दिवस. रोज वीस-पंचवीस किलो माल काढणाऱ्या बाईला स्वतःची शीतखोली परवडणार नाही. पण जवळच्या पॅकहाऊसमध्ये चार कॅरेट ठेवायची जागा भाड्याने मिळाली तर तिचे दोन दिवस आठ होतील, आणि मुंबईचा बाजार तिच्या आवाक्यात येईल. यासाठी नवी इमारत बांधावी लागत नाही. कुलूप उघडावं लागतं आणि भाड्याचा दर ठरवावा लागतो.

कांद्यातही स्वस्तातले दिवस इमारतीत मिळत नाहीत, शेतात मिळतात. काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडणं. निम्म्या माना पडल्यावर उपटणं. पातीसकट तीन-चार दिवस शेतात सुकवणं, एका ओळीच्या कांद्यावर दुसरीची पात झाकून, म्हणजे ऊन गड्ड्याला भाजत नाही. मग इंच-दीड इंच मान ठेवून पात कापणं. बोडका कापला तर उघड्या जखमेतून बुरशी शिरते. त्यानंतर सावलीत पंधरा-वीस दिवस, आणि जोडकांदे, फुलाचा दांडा आलेले डेंगळे, बारकी चिंगळी वेगळी काढून चाळ भरणं. या प्रत्येक पायरीला मजूर लागतो, आणि एप्रिलमध्ये मजूर मिळत नाही, मिळाला तर हातात पैसा नसतो, आणि आभाळात अवकाळीचा ढग असतो. पुष्कळ कांदा घाईत कापला जातो तो अज्ञानाने नव्हे, या तिन्हींच्या कात्रीत.

आणि चाळ फोडताना शेतकऱ्याला जो हिशोब करावा लागतो तो हा. घट वीस टक्के झाली असेल तर नुसतं बरोबरीत यायला भाव पंचवीस टक्के वाढलेला हवा. तीस टक्के झाली तर त्रेचाळीस टक्के. चाळीस टक्के झाली तर भाव सदुसष्ट टक्क्यांनी चढलेला हवा, त्यात चाळीचा खर्च, व्याज आणि निवडणीची मजुरी धरलेलीच नाही. नेमक्या त्या दिवसांत निर्यातीवर बंधनं आली किंवा राखीव साठा बाजारात उतरला की एप्रिलपासून जपलेले दिवस एका आठवड्यात मातीमोल होतात.

रब्बीच्या १७० लाख टनांपैकी निम्मा जरी चाळीत जातो असं धरलं, तरी ८५ लाख टन होतात. त्यातली घट केवळ दहा टक्क्यांनी कमी करता आली, चाळीसची तीस किंवा पस्तीसची पंचवीस, तर साडेआठ लाख टन कांदा वाचेल. सरकारने २०२४ मध्ये खरेदी केलेल्या साठ्याच्या जवळजवळ दुप्पट. तो आजही दरवर्षी पिकतो, काढला जातो, चाळीत भरला जातो. एका चाळीच्या मापाने ते अडीच टन, म्हणजे तीस हजार कांदे, आणि ते वाचवण्यासाठी लागणारी मजुरी एप्रिलमध्येच शेतकऱ्याच्या हातात पडायला हवी.